गाडी खाली लावली होती: अचानक ठरलेल्या एका नदी-कॅम्पिंगचं प्रकरण

चार जण, दोन बोटी, चोवीस किलोमीटर नदी आणि मधे एक रात्र. दुपारी पावणेएकला मेसेजवर ठरलं आणि साडेचारच्या आत बोटी पाण्यात. कुणी मेलं नाही, कुणाचं हाड मोडलं नाही. एक पॅडल आणि एक सँडल नदीत गेली, एक स्लीपिंग बॅग भिजली, आणि दुसऱ्या दिवशी नदीने जायच्या ऐवजी सगळे चालत बाहेर आले. बस, एवढंच. मग यावर एवढं लांबलचक लिहायचं कशाला, असं त्या चौघांतल्या दादानेच मला विचारलं. तर म्हणूनच. मोठा अपघात झाला की लोक एकमेकांना सांभाळून बोलतात, चूक कुणाची यावरच सगळं अडून बसतं. इथे चौघंही धडधाकट आहेत, बोलायला तयार आहेत आणि त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं ते मोकळेपणाने सांगतायत. असं प्रकरण सहसा हाताला लागत नाही.

मी बोटीत नव्हतो. मी दादाचा चुलतभाऊ, काठावरचा माणूस, म्हणजे ज्याला "आम्ही चाललोय" असा मेसेज येतो तो. नंतर मी चौघांशी वेगवेगळं बसून बोललो, धाकटीच्या घड्याळातला जीपीएस ट्रॅक बघितला, फोटोंच्या वेळा लावल्या, आणि नदीच्या वरच्या अंगाला पाणी मोजायचं स्टेशन आहे त्याचे त्या दोन दिवसांचे आकडे काढले, ते कुणालाही फुकट दिसतात. आठवणी आणि ट्रॅक जुळत नाहीत हे आधीच सांगतो. धाकटी पाण्यात किती वेळ होती? दादा म्हणतो अर्धा मिनिट, नवखा म्हणतो पाच मिनिटं तरी, ट्रॅक म्हणतो दोन मिनिटं दहा सेकंद.

नावं नकोत म्हणून असं धरू. दादा, बरीच वर्षं कनू (वरून उघडी, लांबट वल्हवायची बोट) चालवतोय, हात चांगला आहे. धाकटी, त्याची सख्खी बहीण, तलावात आणि संथ पाण्यात सरावलेली. ऑफिसवाला, दादाचा सहकारी, अंगात ताकद भरपूर, नदीचा अनुभव बेताचा. आणि नवखा, धाकटीचा मित्र, पोहायला येतं पण बोटीत पहिल्यांदाच. दादाला तो "तुम्ही" म्हणतो, हे पुढे महत्त्वाचं ठरतं. बोटी दोन: दादाची जुनी दोन माणसांची कनू, त्यात दादा मागे आणि नवखा पुढे, आणि हवा भरायची दोन माणसांची कयाक, त्यात धाकटी मागे आणि ऑफिसवाला पुढे.

नदी अवघड नाही. जगभर नद्यांच्या अवघडपणाची वर्ग १ ते ६ अशी मोजपट्टी वापरतात, त्यात ही वर्ग १, दोन ठिकाणी फार तर वर्ग २. पण त्याच मोजपट्टीला अमेरिकन व्हाइटवॉटर या संस्थेने एक ओळ जोडलेली आहे जी लोक वाचतच नाहीत: पाणी १० अंश सेल्सियसच्या खाली असेल, किंवा ट्रिप लांबची आणि निर्जन भागातली असेल, तर नदी एक वर्ग वरची समजायची. त्या दिवशी पाणी ११ अंश होतं. अगदी काठावर. म्हणजे कागदावर ही नदी सोपीच राहते, फक्त तिला सोपी म्हणताना हातात मोकळी जागा फारशी उरत नाही.

ठरलं कसं

"हवा मस्त आहे, उद्या सुट्टी, निघायचं का?" एवढा मेसेज, आणि वीस मिनिटांत चौघं तयार. सामानाबद्दल मला फार बोलायचं नाही कारण सामान बऱ्यापैकी ठीक होतं. चौघांना मापाची लाईफ जॅकेट, शिट्ट्या, थ्रो बॅग (पाण्यात पडलेल्याकडे फेकायची, दोरी भरलेली पिशवी), स्टोव्ह, दोन टेंट, कोरडे कपडे. घाईत सुटलं ते असं: झोपायच्या मॅट दोनच, जास्तीचं पॅडल गाडीच्या टपावरून काढून घराच्या जिन्यात ठेवलेलं ते तिथेच राहिलं, आणि स्लीपिंग बॅगा तीनच. अचानक निघालं की एवढं सुटतंच. त्याने ट्रिप बिघडत नाही, थोडी अडचण होते.

खरी गोष्ट घडली शटलमध्ये. नदीवर एका दिशेने जायचं म्हणजे परत यायला खालच्या टोकाला एक गाडी आधी नेऊन लावायला लागते, दोन्ही गाड्या खाली, एक तिथे सोडायची, दुसरीतून सगळे परत वर. इथे नदी सरळ डोंगरातून जाते आणि रस्ता डोंगराला वळसा घालून, म्हणजे नदीने २४ किलोमीटर आणि रस्त्याने एका बाजूने ३८. शटलला एक तास पन्नास मिनिटं गेली. दादाने मनात धरले होते पाऊण तास. अडीचला पाण्यात उतरायचं ठरलं होतं, उतरले चार पंचवीसला.

आता गंमत बघा, त्याच नदीवर ११ किलोमीटरवर एक पूल आहे. रस्ता लागून. गाडी तिथे लावता आली असती. दादाला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अरे ११ किलोमीटरची कसली ट्रिप, पुलाच्या खालचाच भाग तर खरा सुंदर आहे." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं यातून निघतं. गाडी २४ वर लावली आणि त्या क्षणी ट्रिप २४ ची झाली. नंतर कुणी ठरवलं नाही, ठरून गेलं होतं. संध्याकाळी, ओल्या कपड्यात, वाद घालताना सुद्धा वाक्य तेच: "गाडी खाली आहे ना."

वेळेचं गणितही तसंच. सूर्यास्त सहा पन्नासला. दादाचा हिशोब असा की ताशी साडेचार किलोमीटर धरले तरी अंधाराआधी दहा होतात, नेहमीची वाळूची जागा दहावर आहे, तिथे मुक्काम. साडेचारचा वेग दादाचा स्वतःचा आहे, रिकाम्या कनूत, वारा नसताना. सामान भरलेल्या हवेच्या कयाकचा तो नाही. हवेची कयाक पाण्यावर उंच बसते, तिचं बूड पाण्यात खोल जात नाही, त्यामुळे समोरून वारा आला की ती पुढे जायच्या ऐवजी डोकं फिरवत बसते आणि अर्धी ताकद ती सरळ ठेवण्यात जाते. आणि वारा समोरून होताच, दरीत दुपारनंतर बऱ्याचदा वर चढणारा वारा सुटतो आणि हे लोक खाली चाललेले. पहिल्या तासात ट्रॅकवर ३.६ किलोमीटर. म्हणजे पाच पंचवीसलाच स्पष्ट होतं की दहा होणार नाहीत. कुणाच्याच लक्षात आलं नाही का? आलं होतं. धाकटीच्या घड्याळावर आकडा समोर दिसत होता. तिने दादाला हाक मारून सांगितलंही, आणि दादाचं उत्तर होतं, "मग जरा जोर लावा."

वळणावरचं झाड

पाच एक्केचाळीसला, पाच किलोमीटरच्या जरा अलीकडे, नदी उजवीकडे वळते. नदीत डावं-उजवं नेहमी पाणी ज्या दिशेला जातं तिकडे तोंड करून बोलतात. वळणावर पाणी बाहेरच्या काठाकडे फेकलं जातं, तिथे ते वेगवान आणि खोल, काठ खालून पोखरला जातो आणि काठावरचं झाड कधीतरी पाण्यात आडवं होतं. त्यामुळे पडलेलं झाड सापडतं ते बहुतेक वेळा नेमकं तिथेच जिथे पाणी बोटीला आपोआप घेऊन जातं. इथेही तसंच. नदी तीसेक मीटर रुंद, डावीकडचे सात-आठ मीटर झाडाने अडवलेले, फांद्या पाण्यात, पाणी त्यातून आरपार चाललेलं. पाणी आरपार जातं, माणूस जात नाही. फांद्यांच्या जाळीला अंग टेकलं की प्रवाह तिथेच दाबून धरतो, आणि हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, पाणी दुप्पट वेगाचं झालं की दाब चौपट. खडकाला वळसा घालून पाणी बाजूने निघतं म्हणून तिथे निदान एक उशी तयार होते, झाडाला तीही नसते.

कनू पुढे होती. दादाने बराच आधी, पन्नास-साठ मीटरवरून, नाक आतल्या काठाकडे वळवलं आणि दोघांनी नेटाने पॅडल मारून वळणाच्या आतल्या संथ पाण्यात बोट घातली. नवख्याला काय चाललंय कळलं पण नाही, तो म्हणतो "दादा ओरडले उजवीकडे मारा, मी मारलं." मग दादाने मागे वळून पॅडल आडवं धरून थांबायची खूण केली.

कयाक तेव्हा वळणात शिरली होती. धाकटीनेही नाक आत वळवलं, ते बरोबर होतं, पण वीसेक मीटर उशिरा, आणि हवेच्या बोटीला प्रवाहाला आडवं नेणं सोपं नसतं. तरी तिच्या मते निसटलो असतो. ऑफिसवाला पुढे बसलेला, समोर फांदी आली, त्याने पॅडल सोडलं आणि फांदी धरली.

इथे जरा थांबतो कारण सगळ्या प्रकरणात सगळ्यात मानवी गोष्ट हीच आहे. अंगावर काही आलं की हात आपोआप ते पकडतो, तिथे अनुभव वगैरे आड येत नाही, डोकं मधे पडायच्या आत हात गेलेला असतो. पण फांदी धरली की अंग थांबतं आणि बोट पुढे जात राहते, कमरेच्या खालून. कयाक आडवी झाली, खोडाला टेकली, आणि दोघंही झाडापासून लांब झुकले, म्हणजे पाणी येतं त्या वरच्या बाजूला. ते नेमकं उलटं. बोट आडवी होऊन कशाला टेकली तर त्या वस्तूच्या अंगावर झुकायचं, मिठी मारल्यासारखं, म्हणजे वरच्या बाजूची कड उचललेली राहते आणि पाणी खालून जातं. लांब झुकलं की वरची कड बुडते, पाणी तिच्यावर चढतं आणि बोट पालथी. धाकटी सांगते की बोट हळूहळू कलतेय असं वाटलंच नाही, एका क्षणी वर होती आणि पुढच्या क्षणी कानात पाणी.

ऑफिसवाला खोडावर छातीने पडला आणि पाय फांद्यांखाली ओढले जायच्या आत वर चढला. ताकद कामी आली, आणि योग्य तेच झालं, कारण नदीत पडल्यावर नेहमीचा नियम पाठीवर, पाय पुढे आणि वर असा असला तरी झाडाच्या बाबतीत तो उलटा होतो: पाय आधी गेले तर तेच अडकतात, म्हणून डोकं पुढे करून जोरात पोहत येऊन अंग खोडावर चढवायचं. त्याला हा नियम माहीत नव्हता. मग तो खोडावरून रांगत डाव्या काठाला गेला. एकटा, पलीकडच्या काठावर, एका सँडलवर.

धाकटी खोडाच्या टोकावरून बाहेर फेकली गेली, तिचं नशीब. पाण्यात पडल्यावर तोंड उघडलं गेलं आणि घोटभर पाणी आत गेलं. हा घाबरटपणा नसतो. अचानक थंड पाण्यात गेलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, मग धाप लागते, ती आपल्या हातात नसते, पोर्ट्समथ विद्यापीठातले माईक टिप्टन यांनी आयुष्यभर यावरच काम केलंय. १५ अंशांच्या खालचं पाणी यासाठी पुरेसं थंड असतं. पहिला मिनिटभर काही करायचं नाही, फक्त तरंगायचं आणि श्वास ताब्यात येऊ द्यायचा. लाईफ जॅकेट अंगात असेल तर हे सोपं जातं. बहुतेक माणसांना पाण्यावर डोकं ठेवायला तीन ते साडेपाच किलोची वरची उचल पुरते, त्यांची जॅकेट ५० न्यूटनची होती म्हणजे साधारण पाच किलो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या वार्षिक आकड्यांत बोटींच्या अपघातात बुडून मेलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांच्या अंगात जॅकेट नसतं, वर्षानुवर्षं तेच. जॅकेट बोटीत असतं, अंगात नसतं.

दादाने थ्रो बॅग टाकली, दोरी मीटरभर कमी पडली. दुसऱ्यांदा टाकायला दोरी गोळा करेपर्यंत धाकटी पुढे गेलेली. ती पाठीवर होती, पाय पुढे, उलटे हात मारत तिरकी तिरकी आतल्या काठाकडे आली आणि उभी राहायची घाई केली नाही, ढुंगण दगडाला लागल्यावरच उठली. वाहत्या पाण्यात मांडीएवढ्या खोलीत उभं राहिलं आणि पाय दोन दगडांत अडकला तर प्रवाह माणसाला पुढे पाडतो आणि मग डोकं पाण्याखाली. हे तिला कुणी शिकवलं? "दादाने, मी दहा वर्षांची असताना, ओरडून." १३० मीटर खाली ती बाहेर आली. कयाक सुटून खाली आली ती नवख्याने उथळ पाण्यात अडवली. ऑफिसवाल्याचं पॅडल गेलं ते गेलंच.

काठावरची पंचवीस मिनिटं

माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा तुकडा झाडाचा नाही, हा आहे. धाकटी पाण्यात दोन मिनिटं होती, पण त्यानंतर ओल्या कपड्यात, समोरच्या वाऱ्यात, पंचवीस मिनिटं बसून होती. दादा एकटाच कनू घेऊन ऑफिसवाल्याला आणायला पलीकडे गेला, नवखा बोट रिकामी करून पॅडल शोधत खाली गेला, सगळे कामात आणि सगळी कामं बरोबरच होती. तिला कुणीतरी विचारलं "ठीक आहेस ना", ती म्हणाली "ठीक आहे", आणि विषय संपला.

थंडीबद्दल १-१०-१ असा एक हिशोब शिकवतात, कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी लोकांपर्यंत पोचवलेला: अतिथंड पाण्यात पडल्यावर श्वास सावरायला १ मिनिट, हातपाय नीट चालतील अशी साधारण १० मिनिटं, आणि शुद्ध जायला १ तास. ११ अंशांत ही गणितं जरा सैल होतात पण क्रम तोच, आधी श्वास, मग बोटं, मग डोकं. बोटं गेलीत हे नवख्याला दिसलं. तो खालून परत आला तर धाकटी ड्राय बॅगचं, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीचं, बकल उघडायचा प्रयत्न करत होती आणि अंगठा त्यावर नुसता घसरत होता, एकदा, दोनदा, तीनदा. मदतीला गेला तर ती खेकसली, "मला येतं." ती एरवी खेकसणारी नाही. हातातून वस्तू सुटणं, अडखळणं, बोलणं पुटपुटल्यासारखं होणं आणि विनाकारण चिडणं, अंग आतून गार होत चालल्याच्या या सुरुवातीच्या खुणा, आणि यातली चिडचिड आपण नेहमी स्वभावावर ढकलतो.

सहा दहाला चौघं एकत्र आले आणि वाद झाला. फार मोठा नाही. दादा म्हणाला अजून चाळीस मिनिटं उजेड आहे, कनूत तिघं बसू, कयाकला मागे बांधू, निदान दोन-तीन किलोमीटर पुढे जाऊ म्हणजे उद्या सोपं जाईल. ऑफिसवाल्याला घरी जायचं होतं आणि घर म्हणजे खालची गाडी, तोही पुढे जायच्या बाजूचा. धाकटी गप्प, आणि तिचं गप्प असणं होकार धरलं गेलं. तेव्हा नवखा म्हणाला, "दादा, तुम्हाला जास्त कळतं, पण इथेच थांबलो तर नक्की काय बिघडेल?"

दादा मला म्हणाला की त्याच्याकडे उत्तर नव्हतं. "उद्या जास्त वल्हवायला लागेल" एवढंच होतं, आणि ते मोठ्याने म्हणताना त्यालाच ते फुटकळ वाटलं. मला यात कौतुक दोघांचं वाटतं. नवख्याचं, की चौघांत सगळ्यात कमी माहिती असून तो बोलला. आणि दादाचं, की "तू गप्प बस, तुला काय कळतं" हे त्याच्या जिभेवर आलं नाही, किंवा आलं असेल तरी बाहेर पडलं नाही. अनुभवी माणूस बरोबर असला की बाकीचे डोकं बाजूला ठेवतात, आणि अचानक ठरलेल्या ट्रिपमध्ये हे जास्त होतं कारण बोलून काही ठरलेलंच नसतं, एकाच्या डोक्यातला प्लॅन हाच प्लॅन.

मग पटापट झालं. धाकटीचे कपडे बदलले, टोपी, कोरडे मोजे, टेंटच्या आडोशाला पण बाहेर स्टोव्ह, गरम गोड पाणी. स्टोव्ह टेंटमध्ये नाही, कितीही थंडी असली तरी, कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग.

रात्र

दादाने टेंट लावायला दगडगोट्यांचा सपाट पट्टा धरला, पाण्यापासून आठ-दहा मीटर, दिसायला छान. धाकटी आता बरी होऊन बोलायला लागली होती, ती म्हणाली, "त्या झुडपात बघ." झुडपांत छातीच्या उंचीवर वाळलेलं गवत, काटक्या, प्लास्टिकची एक फाटकी पिशवी अडकलेली, सगळ्याची टोकं खालच्या दिशेला. म्हणजे कधीतरी पाणी इथपर्यंत आलेलं. सगळं उचलून तीनेक मीटर वरच्या सपाटीवर नेलं, बोटी सुद्धा, आणि बोटी वर नेताना कुरकुर झाली कारण सगळे दमले होते. पाणी चढतंय का ते कळावं म्हणून पाण्याच्या कडेला ऑफिसवाल्याने एक काठी रोवली.

झोपायचं असं केलं: कयाकमधली थोडी हवा सोडून ती टेंटमध्ये अर्धी अंथरली, दोन मॅट त्याच्या शेजारी. जमीन अंगातली ऊब ओढून घेते, वरून कितीही पांघरलं तरी खाली काही नसेल तर उपयोग नाही. तीनपैकी एक स्लीपिंग बॅग भिजलेली निघाली, कारण तिच्या ड्राय बॅगचं तोंड एकदाच गुंडाळून बकल लावलं होतं, कमीत कमी तीन वेढे हवेत. उरलेल्या दोन चेन उघडून एकात एक करून पांघरल्या. झोप कुणालाच फारशी लागली नाही.

रात्री एकच्या सुमाराला ऑफिसवाला उठला आणि बॅटरी मारून बघितलं तर काठी दिसेना. त्याला वाटलं पडली असेल. मग लक्षात आलं की पाण्याचा आवाज बदललाय. स्टेशनचे आकडे मी नंतर बघितले: दुपारी चारला सेकंदाला १८ घनमीटर, मध्यरात्री ३१, सकाळी सहाला ४४. दुपारी वर डोंगरात पाऊस झाला होता, यांच्या डोक्यावर निळं आभाळ होतं. नदी आपल्या वरचं आभाळ बघून वाहत नाही, वरच्या सगळ्या खोऱ्यातलं पाणी तिला येऊन मिळतं आणि ते पोचायला काही तास लागतात. निघताना वरच्या भागाचा पावसाचा अंदाज कुणी बघितलाच नव्हता, बघितला तो स्वतःच्या गावाचा. सकाळी दगडगोट्यांचा पट्टा अर्धा पाण्याखाली, पाणी गढूळ, मधूनच ओंडके चाललेले.

चालत

सकाळचा निर्णय सोपा होता असं आता सगळे म्हणतात. पाणी अडीचपट, झाडं वाहतायत, बोटी दोन आणि पॅडल तीन, आणि कयाकवाल्या दोघांच्या डोक्यात कालचं वळण. दादा तरी काठावर जाऊन वीस मिनिटं बघत उभा होता. मग म्हणाला, "चला, आवरा." कनू वर झाडाला दोन ठिकाणी बांधली, कयाक गुंडाळून पाठीवर, आणि काठाकाठाने वाट धरत पुलापर्यंत, सहा किलोमीटर, ऑफिसवाला एका पायात सँडल आणि दुसऱ्या पायात मोज्यावर प्लास्टिक पिशवी बांधून. पुलाच्या अलीकडच्या चढावर नऊ वीसला सिग्नल मिळाला आणि मला मेसेज आला. फोन रात्रभर एअरप्लेन मोडवर ठेवले होते म्हणून चार्ज शिल्लक होता, नाहीतर सिग्नल शोधण्यातच बॅटरी संपते.

माझ्या बाजूचं थोडं. आदल्या दिवशी दादाचा मेसेज असा होता: "नदीवर चाललोय, उद्या फोन करतो." मी विचारलं कुठून कुठे, किती जण, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर मी काय करू. उत्तर आलं अंगठ्याचं चित्र. पण शटलमध्ये गाडीत बसल्या बसल्या धाकटीने मला नकाशाचा फोटो पाठवला, चढायची जागा, उतरायची जागा, मधला पूल, चौघांची नावं, बोटींचे रंग, आणि "उद्या चारपर्यंत फोन नाही आला तर बचाव पथकाला कळव, आधी पुलावर बघायला सांग." पाच मिनिटांचं काम. चौघं त्या दिवशी अडकून पडले असते तर शोध घेणाऱ्यांना २४ किलोमीटर नदी आणि दोन्ही काठ पालथे घालायला लागणं आणि आधी कुठे बघायचं ते माहीत असणं, हा फरक याच एका मेसेजने पडला असता. तो लिहायला शटलचा वेळच मिळाला हेही खरं.

माझं मत विचाराल तर अचानक निघण्यात चूक नाही. महिनाभर आधी ठरवलं असतं तरी वारा समोरूनच आला असता आणि झाड तिथेच असतं. पण आधी ठरवलेल्या ट्रिपमध्ये हाताशी दिवस असतो. सकाळी नऊला उतरलेल्या माणसाला ३.६ चा वेग परवडतो, चार पंचवीसला उतरलेल्याला नाही. वेळ कमी असेल तर नदी कमी करायची, हे साधं गणित, आणि लोक कमी करतात ते बाकीचं सगळं: सामान तपासणं, अंदाज बघणं, नवख्याला दहा मिनिटं पाण्यात खेळू देणं, झाड आलं तर काय करायचं ते सांगणं. नदी मात्र पूर्ण हवी. गाडी पुलावर लावली असती तर शटल निम्म्याहून कमी वेळात झालं असतं, सव्वातीनला उतरले असते, आणि कुठेही थांबायचं ठरलं असतं तरी "गाडी खाली आहे" हे वाक्य बोलायला कुणाला जागाच राहिली नसती. सहा दहाचा तो वाद झालाच नसता. झाडाचं सांगता येत नाही, ते कदाचित झालंच असतं.

दादाला हे निम्मं पटतं. पावसाचा अंदाज वरच्या खोऱ्याचा बघायचा आणि जास्तीचं पॅडल बोटीला बांधून ठेवायचं, हे त्याने लगेच मानलं. पुलाचं नाही. त्याचं म्हणणं, पुलापाशी काठ खडा आहे, सामान भरलेली कनू तिथून वर रस्त्यावर आणायला चौघांना दमछाक, म्हणून कुणी तिथे उतरत नाही आणि तो काही एकटा शहाणा नाही. मुद्दा खोटा नाही. पाणी ओसरल्यावर कनू आणायला आम्ही गेलो तेव्हा बघितलं, कनू रिकामी असूनही तिथून वर काढताना दोर लावायला लागला. पण डाव्या बाजूला, पुलाच्या दीडशे मीटर अलीकडे, गुरं पाण्यावर येतात ती उताराची वाट आहे आणि ती नकाशात दिसत नाही. नवख्याने दाखवली. पुढच्या वेळी तिथे उतरायचं का यावर दादा अजून "बघू" म्हणतोय.